कुंपादांचा कडा

सतराव्या बिळातलंही अंडं नासलं होतं. जिल्दू कड्यावर पालथा पडला होता, उजवा हात खांद्यापर्यंत बिळात, गाल दगडाला टेकलेला, आणि आतली कागारा या समुद्रपाखराची मादी त्याच्या अंगठ्याला चावून चावून दमली होती. त्याने अंडं अलगद बाहेर काढलं, कानाशी नेलं आणि हलवलं. आत खळकन वाजलं. चांगलं अंडं वाजत नाही. ज्यात पिल्लू धरलंय ते कानाला दगडासारखं मुकं लागतं, हे त्याला बारा वर्षांचा असल्यापासून ठाऊक.

"तुझंही तेच का गं," तो मादीला म्हणाला. "बैस मग ऊब देत आणखी महिनाभर. तुला कोण समजावणार."

त्याने अंडं परत तिच्या पोटाखाली सरकवलं आणि वहीत सतराच्या पुढे फुली मारली. उन्हं उतरता उतरता तो खाली आला तेव्हा सव्वीस बिळांपुढे एकोणीस फुल्या झाल्या होत्या. गेल्या साली सोळा होत्या, त्याच्या आदल्या साली अकरा. फुली नसलेल्यांत नऊ नंबरचं बीळ होतं. नऊ नंबरला चार वर्षांत एकदाही फुली पडली नव्हती. का पडली नव्हती ते जिल्दूला माहीत होतं, म्हणूनच त्या बिळाशी आला की तो इकडेतिकडे बघून मगच हात आत घालायचा. कड्यावर बघायला होतं कोण, तर बकऱ्या.

घरी दुल्सा कचुपाचं भांडं हलवत होती. मका शिजायला चार तास लागतात आणि दुल्साला बोलायला तेवढेच लागतात.

"किती गेली?"

"एकोणीस."

"आणि तुला पगार कशाचा देतात? राखण्याचा ना? मग राख की."

"अंडी आतून नासतायत. त्याला मी काय दार लावू?"

"मला काय माहीत. टोपी तुझ्या डोक्यावर आहे."

हिरवी टोपी, तिच्यावर पाखरं राखणाऱ्या खात्याचा शिक्का, गळ्यात दुर्बीण. लाप्यातल्या, म्हणजे त्याच्या गावातल्या लोकांना या टोपीचं पंधरा वर्षं झाली तरी हसू आवरत नव्हतं, कारण टोपीखालचं डोकं कुणाचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

लाप्यात जन्मलेल्या पोराला पूर्वी दोन शाळा असायच्या. एक पाद्रीबाबाची, आठवड्यातून तीन दिवस. दुसरी राझो बेटाची, वर्षातून एकदा, ऑक्टोबरात. राझोवर पाणी नाही, झाड नाही, माणूस नाही, पण दगडाच्या प्रत्येक फटीत कागाराचं एकेक पिल्लू, आईबापांपेक्षा जड, हाताला लोण्यासारखं. काठीला तारेचा आकडा बांधायचा, बिळात घालायचा, ओढायचा, मान मुरगळायची. मीठ लावून पिंपात. जिल्दूचा हात असा बसला होता की त्याचं नावच जिल्दू आकडी पडलं. इतर जण बिळात आकडा फिरवत बसत. हा आधी कान लावून ऐकायचा, पिल्लू डाव्या अंगाला आहे का उजव्या, आणि एका झटक्यात काढायचा. हजारांनी काढली असतील. मग बंदी आली, आणि खात्याला असा माणूस हवा होता ज्याला राझोवरचं प्रत्येक बीळ ठाऊक आहे. असा माणूस एकच होता.

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," दुल्सा तेव्हा म्हणाली होती, आणि टोपी तिनेच साबणाने धुऊन दिली होती.

गावामागच्या कड्याला रोशा-कुंपाद म्हणतात, म्हणजे कुंपादांचा कडा. कुंपाद म्हणजे कोण हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. तुमच्या पोराला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर जो हातात धरतो तो पोराचा पाद्रिनु आणि तुमचा कुंपाद. भावाशी भांडता येतं, बायकोशी तर रोजच. कुंपादाशी तोडलेला माणूस मेला तर त्याच्यासाठी घंटा ओढायला कुणाचा हात धजत नाही.

आणि लाप्यातले बाप्तिस्मे व्हायचे ऑक्टोबरात, कारण राझोची बोट ऑक्टोबरात यायची. पिंपं भरून मेलेली पिल्लं, आणि पाद्रिनुच्या सदऱ्याच्या आत एक जिवंत. हे एक निवडायचं डोकं वेगळं. सगळ्यांत गुबगुबीत नको. बिळाच्या तोंडाशी येऊन बसलेलं तर मुळीच नको. ज्याने बाहेरचं आकाश पाहिलं ते राझोचं झालं. त्याला कुठेही न्या, मोठं झालं की तिकडेच जाणार. ज्याने अजून पाहिलं नाही ते जिथे पहिल्यांदा पाहील तिथलं. पाद्रिनुने ते अंधारात ठेवूनच आणायचं, कड्यावरच्या रिकाम्या बिळात घालायचं, आणि मासा तेलात कुस्करून बारा दिवस भरवायचा. मग एके दिवशी बीळ रिकामं. सहा-सात वर्षांनी पाखरू कड्यावर परत आलं की पोराच्या घरी केक व्हायचा, आणि म्हाताऱ्या म्हणायच्या, आता पोर जगलं.

बंदीबरोबर हेही बंद झालं. बाहेरच्यांपुढे याबद्दल बोलायचं नाही, असं कुणी कुणाला बजावलं नव्हतं. गरज नव्हती. जिवंत पिल्लालाही दंड तेवढाच होता.

अकरा वर्षांपूर्वी चालीनुला मुलगी झाली. चालीनु म्हणजे जिल्दूचा लहानपणापासूनचा जोडीदार, गावातल्या सगळ्यांत चांगल्या बोटीचा मालक. त्याची आधीची दोन पोरं वर्षाच्या आत गेली होती. दोन्ही बंदीनंतरची. तो टोपीवाल्याच्या दारात आला आणि उंबऱ्यावर बसला.

"पाद्रिनु तू व्हायचंस."

"झालो."

"मग पाखरू?"

"चालीनु, मी राखणदार आहे."

"राखणदार आहेस का बिशप आहेस? बाप्तिस्म्याला काय दुर्बीण घेऊन येणार? पोरीच्या गळ्यात दुर्बीण बांधू?"

"कायदा आहे."

"दोघांच्या वेळी कायदा पाळला मी." चालीनु उंबऱ्यावरून उठला.

त्या महिन्यात जिल्दू राझोवरच कामाला होता. राजधानीहून एक विद्यार्थिनी आली होती, इवांद्रा नावाची, पिल्लांच्या पायात कडी घालायला आणि रक्ताचा एकेक थेंब घ्यायला. पिल्लू धरायचं काम जिल्दूचं. पहिलं पिल्लू तिने धक्क्याजवळच्या बिळातलं घेतलं. "घट्ट धरा हं न्हो जिल्दू, मला फार भीती वाटते," ती म्हणाली, मोठ्या माणसाला लावतात ते 'न्हो' लावून, आणि ती राजधानीच्या बेटावरची म्हणून प्रत्येक वाक्याचा शेवट आवाजाची एक पायरी वर चढून करायची, जसं काही वाक्याच्या टोकाशी कुणीतरी उभं आहे. जिल्दूने दुल्साला ते करून दाखवलं की दुल्सा पोट धरून हसायची.

चार दिवसांनी इवांद्रा गेली, जाताना राझोवरच्या खात्याच्या खोपटाची चावी त्याच्या हातात देऊन. दुसऱ्या दिवशी चालीनुची बोट आली. समुद्र उसळलेला, बोट धक्क्याला घासत होती, वर चढून निवडायला वेळ नव्हता. जिल्दूने धक्क्याजवळच्या बिळात हात घातला आणि आकाश न पाहिलेलं एक पिल्लू टोपीत घेतलं. टोपीत बघतो तर पायात चकचकीत कडं.

कडं त्याने बोटीतच पकडीने तोडलं. बोट हलत होती. पकड निसटली आणि पिल्लाच्या मधल्या बोटाचं टोक नखासकट गेलं. पिल्लू ओरडलं नाही, नुसतं बघत राहिलं. कडं त्याने खिशात टाकलं, पुढे दुल्साच्या बटणांच्या डब्यात.

चालीनुची पोर, लेनिरा, जगली. आता ती आईबरोबर रॉटरडॅमला असते आणि दर रविवारी फोन करते. चार वर्षांपूर्वी पाखरू आलं, नऊ नंबरच्या बिळात, मधलं बोट आखूड. चालीनुने त्या दिवशी दुकानातला केक आणला, आणि खाताना दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. तेव्हापासून लेनिराचा रविवारचा पहिला प्रश्न ठरलेला.

"पाद्रिनु, माझं पाखरू आलं का?"

"आलंय. बसलंय बिळात."

"त्याला नवरा मिळाला का?"

"तोच नवरा आहे."

"मग बायको?"

"मिळाली. भांडखोर आहे."

"तुमच्या घरातल्यासारखी?"

"ऐकू येतंय मला," दुल्सा चुलीपासून म्हणायची.

एकोणीस फुल्यांच्या त्या साली, ऑक्टोबरात, दरसाल येणारी इवांद्रा लाप्याला आली ती दोतोरा, म्हणजे संशोधनातली डॉक्टर होऊन, केसांत दोन-चार पांढरे, बरोबर इस्त्रीच्या सदऱ्यातला खात्याचा एक साहेब. बुधवारी दुपारी शाळेच्या खोलीत सभा झाली. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसली. जिल्दू पहिल्या बाकावर, टोपी मांडीवर. चालीनु मागे, दाराशी.

सदरा आधी उठला. "उपस्थित ग्रामस्थांचे स्वागत करतो आणि त्या अनुषंगाने असे नमूद करतो की..." तो नमूद करत राहिला. मागच्या बाकावर कुणीतरी दबक्या आवाजात "अनुषंग कोण रे, याचा कुंपाद का?" म्हणालं, तेव्हा चार बाकं हलली.

मग इवांद्रा बोलली. तिची पायरी अजून होती, पण आता ती वर उभं राहून खाली बघायला शिकली होती.

"तुमच्या गावात आडनावं किती? चार ना?"

"तीन," कुणीतरी म्हणालं. "चौथं बोस्टनला गेलं."

"बरं, तीन. आता समजा बाहेरून सून आणायची नाही, जावई आणायचा नाही, असं शंभर वर्षं चाललं. काय होईल?"

"भांडणं कमी होतील."

ती हसली. "पोरं कमी होतील. प्रत्येकाच्या रक्तात एखादी खोट असतेच, पण ती एकेरी असते, म्हणून दबून राहते. नवरा-बायको एकाच घरातले असले की पोराला तीच खोट दोन्हींकडून मिळते. मग ती उठते. कड्यावरची पाखरं आम्ही तपासली. सगळी एकमेकांची चुलत-मावस. राझोवर हजारो आहेत, तिथे रक्त नाना तऱ्हेचं. इथे एकाच तऱ्हेचं. अंडी नासतात त्याचं हे एकच कारण असेल असं मी म्हणणार नाही, पण मोठं कारण हेच आहे. न्हो जिल्दूंच्या वहीत बघा, कशा फुल्या वाढल्यात."

सगळे जिल्दूकडे बघायला लागले, जणू फुल्या त्यानेच घातल्या. जिल्दूचा हात टोपीवर होता. त्याच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. बाहेरून सून आणायची नाही. पण आणत होतो की. दर ऑक्टोबरात, दर बाप्तिस्म्याला एक. त्याच्या बापाने आणली होती, बापाच्या बापाने. कड्याला नवं रक्त सदऱ्याच्या आत घालून येत होतं, आणि ते बंद झालं त्याला पंधरा वर्षं झाली. फुल्या का वाढल्या ते बाईच्या यंत्राला अर्धंच कळलं होतं. उरलेलं अर्धं या खोलीत गुडघे वर करून बसलं होतं आणि छताकडे बघत होतं.

"म्हणून आम्ही ठरवलं होतं," इवांद्रा म्हणाली, "की राझोवरून तीन वर्षांत तीस पिल्लं इथे आणायची. पण आता आनंदाची गोष्ट सांगते. नऊ नंबरच्या बिळातला नर. त्याचं रक्त राझोचं आहे. नुसतं राझोचं नाही, तो नेमका कोणता तेही सापडलं. अकरा वर्षांपूर्वी मी स्वतः त्याच्या पायात कडं घातलं होतं. माझ्या आयुष्यातलं पहिलं कडं. धरलं होतं न्हो जिल्दूंनी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिल्दूनेही वाजवल्या, कारण हात काय करतायत ते त्याला कळत नव्हतं.

"कडं खाऱ्या पाण्याने झिजून गळून पडलं असणार. पण रक्त खोटं बोलत नाही. तो एवढा समुद्र ओलांडून आपणहून इथे आला. एक आला म्हणजे वाट उघडी आहे. आणखी येतील."

"त्या अनुषंगाने," सदरा उठून म्हणाला, "पिल्लं आणण्याचा प्रस्ताव मागे घेण्यात येत आहे. जे निसर्ग स्वतः करत आहे त्यात हात घालू नये असा नियम आहे. शुक्रवारी अहवालावर सह्या होतील."

रक्त खोटं बोलत नाही, हे जिल्दूला पटलं. पण ते बोटीचं नावही सांगत नाही.

सभा संपल्यावर तो तडक चालीनुकडे गेला. चालीनु वाळूवर बोट उलटी घालून तळाला डांबर लावत होता. मघा सभेला होता, पण त्याने डांबर असं लावायला घेतलं होतं जसं काही सकाळपासून तो तिथेच आहे.

"ऐकलंस ना?" जिल्दू म्हणाला.

"ऐकलं. पाखरू शहाणं निघालं. आपणहून आलं म्हणे."

"कुंपाद."

"काय कुंपाद? बाई म्हणते आणखी येतील. बाई शिकलेली आहे."

"एकही आलेलं नाही. एकही येणार नाही. ते आपण आणलं. तिला वाटतंय वाट उघडी आहे, म्हणून ती दार लावून चाललीय. पाच-सहा वर्षांत वर एक अंडं मुकं राहणार नाही. सगळी वाजतील."

चालीनुने कुंचला डब्यात ठेवला. "तू सांगशील. मग ती विचारेल, कशाने आणलं. पोहत आणलं म्हणशील? राझोवर गेलेल्या बोटीचा परवाना घेतात आणि बोटही घेतात. बोट गेली की मी काय करू? कड्यावर बसून अंडी उबवू?"

"तुझं नाव नाही घेणार."

"तू नाही घेणार, पण गावात एकच बोट आहे जी ऑक्टोबरच्या समुद्रात तिथे जाऊन येईल, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे." तो उठून उभा राहिला. डांबराचे हात त्याने अंगापासून लांब धरले होते. "माझी पोर जगली. त्याबद्दल मी तुझा मरेपर्यंत ऋणी आहे. पण हे बोललास तर मला कुंपाद म्हणू नकोस."

असं लाप्यात कुणी म्हणत नाही. बायका भांडताना एकमेकींच्या मेलेल्या आयांपर्यंत जातात, पण हे म्हणत नाहीत. जिल्दू तसाच वळला. चढावर त्याला दम लागला, जो कड्यावर कधी लागत नसे.

गुरुवारी तो कड्यावर गेला नाही. अंगणात बसला आणि बटणांचा डबा मांडीवर घेऊन बटणं रंगांप्रमाणे लावत बसला. दुल्साने दोनदा येऊन बघितलं.

"डब्यातलं कडं शोधतोयस का?"

त्याने मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"अकरा वर्षं तुझ्या सदऱ्याला बटणं लावतेय. डबा माझा आहे." ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "त्याच्यावर नंबर असतो. तो काय मी मासळीचा भाव समजले?"

"सांगितलं तर नोकरी जाईल. चालीनु जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"कडा जाईल."

दुल्साने डब्यातलं एक बटण उचललं आणि परत टाकलं. "माझं पाखरू माझ्या पाद्रिनुने आणलं होतं," ती म्हणाली. "तीस वर्षं येत होतं. मग नाही आलं. मी तर अजून आहे." एवढं बोलून ती कचुपा हलवायला गेली.

शुक्रवारी सकाळी इवांद्रा मुक्कामाच्या घराच्या ओट्यावर कॉफी पीत होती. समोर कॉम्प्युटर उघडा, पायाशी बांधलेली बॅग. जिल्दूने टेबलावर कडं ठेवलं. पकडीने चेपलेलं, पण नंबर स्वच्छ.

तिने ते उचललं. नंबर कॉम्प्युटरवर बघायची तिला गरज पडली नाही. "कुठे मिळालं हे? कड्यावर पडलं होतं?"

"मिळालं नाही. काढलं."

"कुणी?"

"मी. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. पिल्लू इथे आणलं, बाप्तिस्म्यासाठी. ते आपणहून आलेलं नाही, दोतोरा. माझ्या टोपीतून आलं."

इवांद्राने कप खाली ठेवला. "तेव्हा तुम्ही राखणदार होतात."

"होतो."

"खोपटाची चावी मी तुमच्या हातात दिली होती."

"हो."

"अकरा वर्षं मी जाईन तिथे सांगत आलेय, की लाप्याचा एक माणूस आहे, पूर्वी मारायचा, आता राखतो." तिच्या बोलण्यातली ती पायरी गेली होती. सगळी वाक्यं सपाट. "आणि काल रात्री मी अहवालात लिहिलं, वाट उघडी आहे."

जिल्दू म्हणाला, "वाट होती. आम्हीच होतो ती."

मग त्याने सगळं सांगितलं. सदऱ्याच्या आतलं पिल्लू, आकाश न पाहिलेलं. बारा दिवस. ती आधी ऐकत नव्हती, कड्याकडे बघत होती. मग तिने मधेच विचारलं, "बाहेर न बघितलेलं हे कसं ओळखायचे?"

"बिळाच्या तोंडाशी विष्ठा नसते. आणि डोक्यावरचा कापूस तसाच असतो."

"मासा कोणता?"

"बांगडा. काटा काढून. तेल शार्कच्या काळजाचं. दिवसाला एकदाच. दोनदा दिलं की जड होतं, उडत नाही."

तिचा हात कळफलकावर गेला होता. रागाने ओठ आवळलेले आणि बोटं भराभर चाललेली. "हे किती जणांनी केलंय?"

"दोतोरा, या कड्याचं नाव काय?"

"रोशा-कुंपाद."

"का बरं?"

ती थांबली. अकरा वर्षं तिने ते नाव नकाशावर, डब्यांवर, रक्ताच्या नळ्यांवर लिहिलं होतं. "मला वाटलं," ती हळू म्हणाली, "कुणातरी कुंपादाची जमीन असेल."

खाली रस्त्यावर गाडीने भोंगा वाजवला. सदऱ्याची निघायची वेळ झाली होती.

"मला तुमचं नाव घालावं लागेल," इवांद्रा म्हणाली. "नाहीतर कुणी मानणार नाही. पाखरू आणलेलं आहे हे सिद्ध झालं तरच तीस पिल्लांचा प्रस्ताव परत उघडता येईल. उघडेलच असंही नाही. आता ते म्हणतील, या गावावर भरवसा कसा ठेवायचा. आणि तुमची नोकरी जाईल. ते मी थांबवू शकत नाही. खरं सांगायचं तर थांबवावं असंही मला वाटत नाही."

"टोपी आणलीय मी." त्याने पिशवी टेबलावर ठेवली. टोपी आणि दुर्बीण. टोपी धुतलेली होती.

"बोट कुणाची होती?"

"माझी."

तिने वर बघितलं. "तुमच्याकडे बोट आहे?"

"होती."

"नाव काय बोटीचं? इथे रकाना आहे."

जिल्दूच्या आयुष्यात कधी वल्ह्याचं टोकही त्याच्या मालकीचं नव्हतं. "दुल्सा," तो म्हणाला.

इवांद्रा त्याच्याकडे बघत राहिली. ती अकरा वर्षं येत होती. कुणाच्या दारात कोणती बोट आहे ते तिला पाठ होतं. मग तिने रकान्यात लिहिलं, आणि लिहिताना एकेक अक्षर मोठ्याने म्हटलं, तुरुंगात नाव नोंदवतात तसं.

गावात दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. "माझ्या नावाची बोट," दुल्सा पाण्याच्या नळावर बायकांना म्हणाली, "आणि मला कधी कुणी फिरवून आणलं नाही." बायका हसल्या, पण जपून. बाप्तिस्म्याची गोष्ट बाहेर गेली होती. काही दारं जिल्दूला पाहून लागली. ज्यांनी स्वतः पिल्लं आणली होती ते म्हातारे त्याच्याशी बोलेनात, आणि ज्यांनी कधी काही केलं नव्हतं ते फारच बोलायला लागले.

दहा दिवसांनी खात्याचं पत्र आलं. पाद्रीबाबाने वाचून दाखवलं. जिल्दूला कामावरून कमी केलं होतं. कड्यावर पाऊल ठेवायला मनाई. चौकशी चालू. आणि पिल्लं आणण्याचा प्रस्ताव 'त्या अनुषंगाने फेरविचारार्थ' ठेवला होता.

"म्हणजे आणणार का नाही?" जिल्दूने विचारलं.

पाद्रीबाबाने कागद उलटून मागे बघितलं. मागे कोरं होतं.

"आणली तर भरवणार कोण? बांगड्याचा काटा काढायचा असतो हे कुणाला माहीत आहे?"

"ते यात नाही," पाद्रीबाबा म्हणाला.

रविवारी चार वाजता दार वाजलं. चालीनु होता. आत आला नाही, उंबऱ्यावरही बसला नाही. पायाच्या अंगठ्याने उंबरा टोकरत उभा राहिला.

"तुझ्या त्या बोटीबद्दल विचारायला आलोय," तो म्हणाला. "कुठे बांधलीस? गावभर शोधली. दिसत नाही."

"बुडाली."

"अरेरे. चांगली होती का?"

"जरा तोंडाळ होती."

"ऐकू येतंय मला," दुल्सा आतून म्हणाली.

चालीनुच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण ते हसू होईपर्यंत टिकलं नाही. "मला राग आहे," तो म्हणाला. "तो जायला वेळ लागेल. कदाचित जाणारही नाही. पण कड्यावर मनाई आहे, समुद्रावर नाही. चल."

ते चालीनुच्या बोटीतून कड्याखाली गेले. दिवस मावळायच्या आधी कागारा कड्यासमोर पाण्यावर जमतात आणि बिळांत जायची वाट बघतात. हे शेवटचे दिवस होते. आठवड्याभरात ती समुद्रावर निघून जातात, ती मार्चपर्यंत. जिल्दूने सवयीने गळ्याशी हात नेला. दुर्बीण नव्हती.

"किती?" चालीनुने विचारलं.

"चाळीसही नाहीत."

तेवढ्यात जिल्दूच्या खिशातला फोन वाजला. चालीनुने तो डांबराच्या बोटाने घेतला आणि मधे धरला.

"पाद्रिनु, माझं पाखरू आहे का?"

दोघं पाण्याकडे बघत राहिले. पाखरं लाटेवर वर-खाली होत होती, सगळी एकाच रंगाची, सगळी एकाच तोंडाची, चुलत आणि मावस. चालीनु मान पुढे काढून शोधत होता, एकेकाकडे बघत, आणि जिल्दूला माहीत होतं की तो काय शोधतोय, आणि पाण्यावर बसलेल्या पाखराच्या पायाची बोटं दिसत नाहीत.